दिलसुखनगरचा ओला फडका

पुण्याहून निघणारा एक रस्ता सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद अशी गावे मागे टाकीत हैदराबादेत शिरतो, चादरघाटाजवळ मुसी नदी ओलांडतो, मलकपेठ आणि दिलसुखनगर करीत शहराबाहेर पडतो आणि विजयवाड्यावरून थेट मच्छलीपट्टणच्या समुद्राला जाऊन भिडतो. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ म्हणत. आता तो ६५ आहे. सीमाभागातल्या आपल्या तीन-चार पिढ्या या रस्त्याने हैदराबादला गेल्या. कोणी कोर्टकचेरीसाठी, कोणी उस्मानियात शिकायला, कोणी लग्नाच्या बस्त्याला, कोणी दवाखान्यासाठी. राजवट बदलली, १९५६ साली राज्यांच्या हद्दी बदलल्या, एकाच घरातल्या दोन भावांपैकी एक मुंबई राज्यात आणि दुसरा म्हैसूर राज्यात गेला. पण दोघांच्या दारावरून जाणारा रस्ता तोच राहिला.

या रस्त्यावरच्या राजकारणाविषयी, भाषेविषयी, मुक्तिसंग्रामाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या मोटारींनी आपल्याला नेले-आणले, त्यांच्या पोटातल्या आगीशी ज्यांनी आयुष्यभर हुज्जत घातली, त्या माणसांचा इतिहास कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी, यंत्रांचा नव्हे. तरीही हा विषय मला घ्यावासा वाटला, त्याला एक घरगुती कारण आहे.

१९९२ सालचा मे महिना. वडील आणि मी दिलसुखनगरला मावशीकडे मुक्कामाला होतो. दुपारी तीनच्या सुमारास वडिलांच्या छातीत कळ आली. अंगाला दरदरून घाम सुटला. काका धावत जाऊन नाक्यावरची एक ॲम्बॅसिडर टॅक्सी घेऊन आले. नलगोंड्याचे भाडे सोडून ती नुकतीच परतली होती. ड्रायव्हरने गाडी दारात लावली आणि इंजिन बंद केले. वडिलांना खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावरून खाली आणायला दहा-बारा मिनिटे लागली. गाडी सुरू झाली, गल्लीतून बाहेर पडली, मुख्य रस्त्याला लागली आणि बस डेपोच्या अलीकडे तीन-चार आचके देऊन बंद पडली.

ड्रायव्हर सेल्फवर सेल्फ मारीत होता. बॅटरीचा आवाज हळूहळू बसत चालला. मागच्या सीटवर वडील मावशीच्या खांद्यावर मान टाकून बसले होते. दुसरी गाडी पाहायला काका रस्त्यावर उभे राहिले, पण त्या उन्हात रस्ता ओस पडलेला. तेवढ्यात बाजूच्या पत्र्याच्या शेडमधून एक साठीचे मिस्त्री आणि त्यांच्यामागे एक बारा-तेरा वर्षांचा पोरगा आला. मिस्त्रींनी बॉनेट उघडले, आत तळवा धरून पाहिला आणि म्हणाले, "सेल्फ नक्को मारो. पेट्रोल उबल रा."

त्यांनी गोणपाटाचा एक तुकडा बादलीत बुचकळला, पिळला आणि इंजिनाच्या अंगाला चिकटलेल्या पेट्रोल पंपावर गुंडाळला. दुसरा ओला फडका कार्बोरेटरच्या वाटीवर ठेवला. लालभडक तापलेल्या एक्झॉस्टवर मात्र पाण्याचा थेंब पडू दिला नाही. शेजारी उभा असलेला पोरगा मावशीला समजावू लागला, "अम्मा, इंजिन वेडेक्किंदि." मावशी आधीच रडकुंडीला आलेली. ती मला म्हणाली, "अरे, इंजिनाला वेड लागलं म्हणतोय का हा?" तेलुगूत 'वेडि' म्हणजे उष्णता, हे तिला हैदराबादेत इतकी वर्षे काढून ठाऊक होते, पण त्या क्षणी तिच्या कानाला मराठीच ऐकू आली. तशाही अवस्थेत वडिलांच्या चेहऱ्यावर किंचित हसू उमटले. "डरो नक्को अम्मा," मिस्त्री म्हणाले. आपल्या मराठीतला हा 'नको' दखनीने केव्हाच आपलासा केला आहे. त्या दिवशी तो परक्या शहरात घरच्या माणसासारखा भेटला.

पंधरा मिनिटे गेली. मिस्त्रींनी ड्रायव्हरला चोक न ओढता ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला सांगितले. इंजिन दोनदा फुरफुरले, काळा धूर ओकले आणि चालू झाले. मिस्त्रींनी दहा रुपये घेतले आणि ड्रायव्हरला बजावले, "मॅनिफोल्ड के उप्पर पत्रा लगा लेव. नै तो रोज ऐसाच होता." आम्ही वेळेत दवाखान्यात पोचलो. वडील त्यानंतर चौदा वर्षे जगले.

पुढे पुष्कळ दिवस एक प्रश्न मला छळत राहिला. पेट्रोल हे असे द्रव्य, की ज्याचे हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांपासूनच उकळू लागतात. अशा द्रव्याची वाट इंजिनातल्या सर्वांत तापलेल्या नळीच्या इतकी शेजारून नेण्याचा शहाणपणा कोणी केला? ही कारागिराची चूक, की कारखान्याची काटकसर? वाचत गेलो, गॅरेजवाल्यांशी बोलत गेलो, तेव्हा कळले की यात काटकसर थोडी होती, चूक जवळजवळ नव्हती. ती उष्णता तिथे मुद्दाम ठेवलेली होती. फक्त ती आपल्यासाठी ठेवलेली नव्हती.

हे समजायला आपल्या घरातला माठ पुरेसा आहे. माठातले पाणी पाझरते, बाहेर त्याची वाफ होते आणि ती होताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. म्हणून पाणी गार होते. दवाखान्यात हाताला स्पिरिट लावले की थंडगार लागते, तेही याच कारणाने. कार्बोरेटरमध्ये नेमके हेच घडते. इंजिन हवा ओढते, त्या हवेच्या वेगाने बारीक छिद्रातून पेट्रोल फवारले जाते आणि त्याची वाफ होऊ लागते. ही वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ती हवेतूनच घेते, आणि हवेचे तापमान वीस अंशांनी किंवा त्याहूनही अधिक खाली येऊ शकते. दमट थंड देशात बाहेर दहा-बारा अंश असतील, तर कार्बोरेटरच्या घशात चक्क बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरते. बर्फ धरला नाही तरी पेट्रोलाची पुरती वाफ होत नाही. ते थेंबाथेंबाने नळीच्या भिंतीवर ओघळते, एका सिलिंडरला जास्त जाते, दुसऱ्याला कमी. गाडी आचके देते, पेट्रोल वाया जाते.

इंजिनाला हवा-पेट्रोलाचे मिश्रण वाटून देणारी जी फाटे फुटलेली नळी, तिला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. जळलेला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारी ती एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. पहिलीतून खायला जाते, दुसरीतून राख बाहेर येते. थंड देशातल्या कारागिरांनी विचार केला की दुसरीची फुकट जाणारी ऊब पहिलीला दिली तर काय हरकत आहे?

जर्मनीच्या विल्हेल्म मायबाखने १८९३ च्या सुमारास फवाऱ्याचा कार्बोरेटर आणला, तेव्हापासून या उबेची गरज भासू लागली. अमेरिकेत १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या वर बनलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीत दोन्ही मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच अंगाला होते. शिवाय एक्झॉस्टभोवतालची गरम हवा कार्बोरेटरच्या तोंडाशी आणणारी वेगळी नळी होती. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे मोटारींची संख्या झपाट्याने वाढली. तेवढे हलके पेट्रोल कोठून आणायचे? मग पेट्रोलात जड भाग अधिक येऊ लागला, आणि त्याची वाफ व्हायला ऊब आणखी लागू लागली. म्हणून दोन्ही मॅनिफोल्ड मधोमध एकमेकांना चिकटवून तिथे तापलेली जागा ठेवण्याची पद्धत पडली. तिला 'हॉट-स्पॉट' म्हणत. पेट्रोलाचे ओघळणारे थेंब त्या तव्यावर पडले की त्यांची वाफ होई.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. रॉकेलवर चालणारे पाण्याचे पंप ज्यांनी वापरले आहेत, त्यांना ठाऊक आहे की ते इंजिन आधी पेट्रोलवर चालू करायचे, चांगले तापू द्यायचे आणि मगच चावी रॉकेलकडे फिरवायची. थंड इंजिनात रॉकेलची वाफ होत नाही. घाई केली तर इंजिन पांढरा धूर सोडून बसते. म्हणजे तोंडाशी ऊब हवी, ही गोष्ट आपल्या विहिरीच्या काठावरही खरीच होती. प्रश्न फक्त किती ऊब, आणि कोणत्या हवेत, एवढाच होता.

आता ही यंत्रे दख्खनमध्ये कशी आली ते पाहू. जून १९३२ मध्ये निझाम स्टेट रेल्वेने आपले रस्ते-वाहतूक खाते उघडले. तेव्हा त्याच्याकडे २७ बसगाड्या आणि १६६ माणसे होती. सुरुवातीच्या गाड्या स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरातल्या ॲल्बियन कारखान्याच्या होत्या. ग्लासगोत भर उन्हाळ्यातही दुपारचे तापमान साधारण वीस अंशांच्या आसपास असते. हैदराबादेत मे महिन्यात ते चाळीसला टेकते. तिथे घडलेले यंत्र इथे आणले, तेव्हा त्याच्याबरोबर तिथली हवा काही आणता आली नाही. गौलीगुड्याच्या बस स्टँडवर अमेरिकेहून आणवलेले गोल पाठीचे भव्य पोलादी छत होते. आपल्यापैकी अनेकांनी त्याखाली बिदर, उदगीर, नांदेडच्या गाड्यांची वाट पाहिली असेल. १९९४ साली मुख्य स्टँड इमलीबनला गेला, आणि ५ जुलै २०१८ रोजी ते जुने छत कोसळले. त्या छताखाली ज्यांनी बॉनेट उघडून इंजिने गार केली, त्यांची नावे कोणत्याही फलकावर नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलची टंचाई झाली आणि देशभर बसगाड्यांच्या पाठीवर कोळशाच्या भट्ट्या आल्या. आमचे आजोबा या कोळशाच्या गाड्यांच्या गोष्टी रंगवून सांगत. पहाटे भट्टीत लोणारी कोळसा भरायचा, क्लीनरने हाताने पंखा फिरवून तो फुलवायचा, अर्ध्या-पाऊण तासाने गाडी निघायची आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. कोळसा अपुऱ्या हवेत जळताना जो वायू निघतो, त्यावर इंजिन चालते. पण पेट्रोलच्या मानाने त्याचा जोर तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्यानेही कमी पडतो. त्यात हा वायू भट्टीतून निघतो तो शेकडो अंश तापलेला. तसाच इंजिनात सोडला तर उरलासुरला जोरही जातो. म्हणून भट्टी आणि इंजिन यांच्यामध्ये लांबलचक नळ्यांचा कूलर आणि गाळणी बसवलेली असे. गाडीच्या टपाखालून, बाजूने फिरणाऱ्या त्या नळ्या वाऱ्यावर गार होत.

या गोष्टीला महत्त्व आहे ते असे. पेट्रोलचे इंजिन घडवणाऱ्याने सांगितले होते की तोंडाशी ऊब ठेव. कोळशाच्या गाडीने त्याच ड्रायव्हर-क्लीनरांना उलटे शिकवले की तोंडाशी जाईल ते जितके गार, तितका गाडीला जोर. विज्ञानाच्या पुस्तकातला चार्ल्सचा नियम हेच सांगतो. हवा तापली की फुगते. तेवढ्याच जागेत कमी मावते. तीस अंशांची हवा साठ अंशांवर गेली, तर निरपेक्ष मापाने ३०३ ची ३३३ झाली. ३०३ ला ३३३ ने भागले तर ०.९१ येतात. म्हणजे सिलिंडर तेवढाच, पण प्रत्येक घोटात हवा नऊ टक्क्यांनी कमी. हवा कमी तर जळण कमी, जळण कमी तर जोर कमी. हे गणित ज्यांनी मांडले नव्हते, त्यांना ते चढावर पायांनी कळले.

स्वातंत्र्यानंतर एस.टी.च्या गाड्या हळूहळू डिझेलच्या झाल्या. डिझेल इंजिन नळीतून नुसती हवा ओढते आणि इंधन थेट सिलिंडरात फवारते. म्हणून तापलेल्या नळीत पेट्रोल उकळण्याचा रोग लाल गाडीला नव्हता. घाटात तिचे पाणी उकळे, रेडिएटरवर वाफ येई, पण इंधन उकळून ती बंद पडत नसे. तो रोग राहिला मोटारींना, टॅक्सींना आणि जीपना.

आणि मोटारी म्हणजे तरी किती? आमच्या लहानपणी दोनच. एक फियाट, दुसरी ॲम्बॅसिडर. फियाट बनवणारी प्रीमियर कंपनी १९४४ मध्ये काढली ती वालचंद हिराचंदांनी. त्यांचा जन्म १८८२ चा, याच रस्त्यावरच्या सोलापूरचा. फियाटचे १०८९ सी.सी.चे इंजिन इटलीतले. ॲम्बॅसिडर ही मूळ इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला बनू लागली आणि मे २०१४ पर्यंत बनत राहिली. तिला १९५९ पासून जे १४८९ सी.सी.चे इंजिन मिळाले, त्याच्या डोक्याला हवा आत घेणारी आणि धूर सोडणारी सगळी भोके एकाच अंगाला होती. चार सिलिंडरांना आत जायची भोके दोन, बाहेर पडायची तीन. साहजिकच इनटेक वर, एक्झॉस्ट त्याला खेटून खाली, आणि कार्बोरेटर त्या चुलीच्या माथ्यावर. ओतकामाला स्वस्त, दुरुस्तीला सोपी, आणि इंग्लंडच्या जानेवारीत अत्यंत सुखाची अशी ती रचना होती.

गाडी पळत असताना आपल्या हवेतही ती फारशी कुरकुर करीत नसे. पंख्याचा वारा लागत असे, टाकीतून गार पेट्रोल सतत येत असे, आणि फवाऱ्याने होणारा गारवाही मदत करी. खरी मेख होती ती गाडी थांबण्यात. इंजिन बंद केले की पंखा बंद, पाण्याचे फिरणे बंद. तापलेल्या लोखंडातली उष्णता मात्र कोठे जात नाही. ती वर चढते आणि कार्बोरेटर, पंप, पेट्रोलची नळी यांना दहा-पंधरा मिनिटे शेकत राहते. बॉनेटखालचे तापमान थांबल्यावर वाढते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. पण भाकरी काढल्यावर तव्यावर हात ठेवून पाहणाऱ्याला वाटणार नाही. मग कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडते, आणि इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळून ते गुदमरते. म्हणूनच मिस्त्रींनी चोक न ओढता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगितले; तेवढी हवा आत गेली की सांडलेले पेट्रोल निघून जाते. दुसरीकडे पंपात आणि नळीत पेट्रोलाची वाफ कोंडते. पंप द्रव ढकलण्यासाठी असतो. वाफ त्याच्या हातात नुसती दबते आणि पुन्हा फुगते. पुढे पेट्रोल सरकत नाही. गॅरेजवाले म्हणत, 'एअर घेतली'.

म्हणजे १९९२ च्या त्या दुपारी गाडी नलगोंड्याहून तापून आली म्हणून बंद पडली नाही. ती आमच्या दारात बारा मिनिटे उभी राहिली म्हणून बंद पडली. वडिलांना खाली आणेपर्यंत ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवले असते, तर कदाचित काही झाले नसते. पेट्रोल वाचवण्याची त्याची सवय चांगली होती. त्या दिवशी ती नडली.

या रोगावर आपल्या भागातल्या मिस्त्रींनी जे उपाय केले, ते आता विसरले जात आहेत, म्हणून इथे नोंदवून ठेवतो. ओला फडका हा तातडीचा उपाय. तोही माठाचाच न्याय. फडक्यातले पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जाते. लांबच्या प्रवासाला निघताना कित्येक ड्रायव्हर पंपावर फडका बांधूनच निघत आणि वाटेत दर थांब्यावर बाटलीतले पाणी त्यावर सोडीत. दुसरा उपाय पत्र्याचा. तेलाचा रिकामा डबा कापून त्याचा पत्रा एक्झॉस्ट आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये बसवायचा, मात्र कशालाही चिकटू द्यायचा नाही. दोन्ही बाजूंनी हवा खेळती हवी. चकाकणारी बाजू खाली ठेवली तर उष्णता परतवली जाते. तिसरा उपाय कार्बोरेटरच्या बुडाखाली जाड फायबरचे पॅकिंग घालण्याचा. लोखंडातून लोखंडात जाणारी उष्णता त्याने अडते. चौथा, पेट्रोलची नळी इंजिनापासून दूर वळवून नेण्याचा. आणि पाचवा सर्वांत सोपा. गाडी थांबली की बॉनेट उघडून ठेवायचे. हुमनाबाद-जहीराबादकडच्या धाब्यांवर भर दुपारी सुसरीसारख्या जबडा वासून उभ्या असलेल्या मोटारी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्याचे कारण आता कळावे.

या सगळ्या उपायांचे मी उगाच गोडवे गाणार नाही. काही उपाय चुकीचेही होते. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅटची झडप काढून फेकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास होती. त्यामुळे थंडीच्या सकाळी इंजिन लवकर तापत नसे, तेल घट्ट राही आणि सिलिंडर झिजत. तापलेल्या इंजिनावर भस्सकन पाणी ओतून डोक्याला तडा पाडणारेही होते. एक्झॉस्टला ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळण्याचा उपाय उष्णता अडवण्यात उत्तम, पण तिची धूळ फुप्फुसाला किती घातक आहे हे आज आपण जाणतो. ती दोरी उघड्या हातांनी कापणाऱ्या, दाताने तोडणाऱ्या पोरांना ते कोणी सांगितले नाही. त्याची किंमत कोणी मोजली, याचा हिशेब कोठेही लिहिलेला नाही.

तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ही माणसे बहुधा शाळा अर्ध्यावर सोडलेली. पण आपल्या गाडीत उष्णता कोठे हवी आणि कोठे नको, याचा विवेक त्यांच्यापाशी होता. दिलसुखनगरच्या मिस्त्रींनी पंपावर पाणी घातले आणि एक्झॉस्टवर घातले नाही, यात सारे शास्त्र आले. आणि हे शास्त्र एका भाषेतले नव्हते. उस्ताद दखनीत सांगणार, पोरगा तेलुगूत समजून घेणार, बिदरकडचा ड्रायव्हर कन्नडमध्ये 'बिसि' म्हणणार आणि आपण मराठीत 'तापली' म्हणणार. सीमाभागात भाषांवरून भांडणे झाली. मीही ती पाहिली आहेत. बॉनेटखाली मात्र ती कधी झाल्याचे पाहिले नाही. तिथे चारही भाषांना एकच काम होते.

पुढे या विषयाचा निकाल मिस्त्रींनी नव्हे, तर नव्या रचनेने लावला. २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कार्बोरेटर जाऊन 'एम.पी.एफ.आय.' आले. प्रत्येक सिलिंडरच्या दाराशी स्वतंत्र पिचकारी आली. आता इनटेक मॅनिफोल्डमधून पेट्रोल वाहतच नाही. वाहते ती नुसती हवा. जिथे पेट्रोलच नाही, तिथे ते सुकवायला ऊब कशाला? शतकभर जपलेली ती चूल एका फटक्यात निरुपयोगी झाली. इनटेक एका अंगाला, एक्झॉस्ट दुसऱ्या अंगाला, अशी फारकत सर्रास झाली. इनटेक मॅनिफोल्ड पुष्कळ गाड्यांत नायलॉनसारख्या प्लॅस्टिकचे आले, कारण त्यातून उष्णता सहजी जात नाही. हवा आत घेणारे तोंड बॉनेटच्या पुढे, बाहेरच्या वाऱ्याकडे नेले गेले. पेट्रोल पंप इंजिनावरून उठून टाकीच्या पोटात जाऊन बसला, आणि नळीतले पेट्रोल दाबाखाली राहू लागले. दाब वाढला की उकळायला अधिक उष्णता लागते. प्रेशर कुकरमध्ये आपण रोज तेच पाहतो. टर्बो बसवलेल्या ट्रक-मोटारींत तर दाबाने तापलेली हवा इंजिनात शिरण्यापूर्वी गार करायला पुढे वेगळी जाळीच बसवतात. कोळशाच्या गाडीच्या टपाखालून फिरणाऱ्या त्या नळ्यांची ती नातच म्हणायची.

म्हणजे सरतेशेवटी कारखान्यांनी तेच केले, जे पत्रा, फायबर आणि ओला फडका घेऊन आपले मिस्त्री करू पाहत होते. इनटेकला एक्झॉस्टपासून तोडले, पंपाला शेकापासून दूर नेले, हवा गार घेतली. त्यांनी ते मिस्त्रींना विचारून केले असे मी म्हणत नाही. त्यांची कारणे वेगळी होती, प्रयोगशाळा वेगळ्या होत्या. पण दख्खनच्या उन्हात जी गरज हाताने ओळखली गेली होती ती खरी होती, एवढे त्यावरून सिद्ध होते.

सप्टेंबर २०१८ मध्ये दिलसुखनगरवरून मेट्रो धावू लागली. त्यानंतर एकदा मी तिथे गेलो. डेपोसमोर उड्डाणमार्गाचे खांब, वर विजेवर धावणारी गाडी, खाली क्लासेसच्या पाट्या आणि गर्दी. ती पत्र्याची शेड कोठे होती, याचा अंदाजही आला नाही. दोन-तीन जुन्या दुकानदारांना विचारले, कोणाला आठवत नव्हते. मिस्त्रींचे नाव तर आम्ही त्या दिवशीही विचारले नव्हते. वडील बरे होऊन गावी आल्यावर अनेकदा म्हणत, "डॉक्टरांचं नाव तुम्ही सगळे सांगता. त्या पाणी घालणाऱ्याचं सांगा की." आमच्यापाशी उत्तर नसे.

विजेच्या गाड्या आल्या आहेत. त्यांना मॅनिफोल्ड नाही, कार्बोरेटर नाही, पण उष्णता आहेच. बॅटरी तापू नये म्हणून तिलाही गार ठेवावे लागते, आणि थंड देशात तिला ऊबही द्यावी लागते. तो जुनाच प्रश्न नव्या जागी गेला आहे. ती यंत्रेही बहुतेक दुसऱ्याच हवेत आखली जातील आणि आपल्या मे महिन्यात येऊन उभी राहतील. तेव्हा त्यांच्याशी झगडणारे हातही याच रस्त्यावर कोठेतरी तयार होतील.

आमच्या शाळेत विज्ञानाचे शिक्षक बाष्पीभवन शिकवतात, तेव्हा मी कधीकधी वर्गात मागे जाऊन बसतो. माठाचे उदाहरण झाले, स्पिरिटचे झाले, की ते माझ्याकडे पाहतात. मग मी उठून मुलांना दिलसुखनगरच्या ओल्या फडक्याची गोष्ट सांगतो. 'वेडेक्किंदि' म्हटले की मराठी मुले हसतात आणि वर्गातली दोन-चार तेलुगू बोलणारी मुले त्यांना त्याचा अर्थ सांगतात.